शालिकचा वाळा

हे मी कधीच कोणाला सांगितलं नाही. घरच्यांना नाही, देवापुढे बसून मनातसुद्धा नीट म्हटलं नाही. आज तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

आधी एक मान्य करा. अकोल्यात आमच्या गल्लीत कूलरच्या बाजूंना लावायच्या गवताच्या ताट्या माझ्याइतक्या कोणाला कळत नाहीत. मी चौथी शिकलेली, भातकुलीकडच्या शेतकऱ्याची पोर. पण ऊन तापलं की शेजारची वकिलीणबाई, समोरचे कॉलेजातले सर, सगळे माझ्या ओट्यावर. काकू, ताट्या बघून द्या! मी लाकडी गवत, म्हणजे ताटीत भरायचा लाकडाचा कीस, मुठीत दाबते. मूठ सोडल्यावर फुललं तर ठेवा. हाताला चुरा लागला तर परत करा. जाळीत ठासून भरलं तर हवा अडते, विरळ भरलं तर पाणी मधूनच निसटतं आणि कोपरे कोरडे राहतात. सुनेने ते नवे, मधाच्या पोळ्यासारखे पॅड आणले. मी म्हटलं, आपलं पाणी खारं, दर आठवड्याला टाकी धुतली नाही तर यांची भोकं पांढरी होऊन बुजतील. बुजली की नाही? बुजलीच.

आणि वाळा! ती गवताची मुळं असतात. खऱ्या वाळ्यावर पाणी मारलं की घरभर गार, मातकट वास सुटतो. नकलीत रंगवलेला काथ्या मिसळतात. तो मी नाकाने धरायची. माझं नाक कधी चुकलं नव्हतं.

कधी चुकलं नव्हतं — इथेच सगळं अडलं.

परतवाड्याहून शालिक नावाचा माणूस दर उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या घेऊन यायचा. मुळं त्याची बायको स्वतः ओढ्याकाठी खणायची, ताट्या दोघं मिळून विणायची. गल्लीतल्या बायका त्याच्याभोवती जमायच्या, पण मी मान हलवल्याशिवाय कोणी ताटी उचलत नसे. याचा मला गर्व होता. अजून आहे.

त्या वर्षी हिवाळ्यात मला मोठा ताप येऊन गेला होता. तेव्हापासून जेवण बेचव लागायचं, म्हणून मी सुनेवर डाफरायची — फोडणीत हिंग घालत नाहीस म्हणून. मग उन्हाळ्यात शालिक आला. मी ताटीवर पाणी शिंपडलं, नाकाशी धरली. काही नाही. दुसरी धरली. काही नाही.

"शालिक, याले वासच नाई. काय आणलं हे?"

"असं काहून म्हनतं, माय? कालच विणली."

वकिलीणबाई वाकून म्हणाली, "काकू, मला तर येतोय वास."

मी काय करायला हवं होतं? पुन्हा बघते म्हणायला हवं होतं. पण एवढ्या बायकांसमोर माझं चुकतंय? मी म्हटलं, "तो अत्तराचा हाये. वरतून शिंपडलं यानं. दोन दिवसांत उडते, पाहा."

आणि गंमत बघा — सगळ्यांना अत्तराचा वास यायला लागला. वकिलीणबाईलासुद्धा. ज्यांनी ताट्या निवडून बाजूला ठेवल्या होत्या, त्यांनी त्या त्याच्यापुढे टाकल्या. एक म्हणाली, "काकू होत्या म्हणून वाचलो, बाई!" तो एकेक ताटी झटकून रचत राहिला.

त्याच संध्याकाळी मी चुलीशेजारी बसले होते. सून धावत आली. "आत्या, भाजी जळून कोळसा झाली! तुमाले वास नाई आला काय?"

मी हिंगाची डबी उघडली. कापूर हुंगला. रॉकेलचा डबा हुंगला. काही नाही.

तेव्हा कळलं मला. चूक तिथवर होती — ती कोणाचीही होते. मी सांगते ते पुढचं.

मी गप्प राहिले. वर्षभर वाळा हाताने ओळखायला शिकले. खरं मूळ केसासारखं बारीक पण ताठ, ओलं झालं तरी लिबलिबत नाही. काथ्या बोटाला खरखरतो. आज डोळे बांधून सांगेन. हे सोपं नाही, आणि मला कोणी शिकवलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शालिक दाराशी आला. ताट्या नव्हत्या, फक्त मूठभर ओली मुळं. गल्लीत कोणी नव्हतं, मला बघणारं कोणी नव्हतं.

"माय, तू एकडाव पुन्हा पाह्य. आता अकोल्यात कोनी माहा माल घेत नाई. म्हनते, काकूनं परत केला. खोट असंन त सांग, मी हे सोडून देतो."

मी मुळं हातात घेतली. बोटांना लगेच कळलं — अस्सल. असला वाळा मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. मुळं नाकाशी नेली, उगाच, दाखवायला.

"नकली हाये," मी म्हटलं.

तो रागावला नाही. मुळं परत घेतली, स्वतः हुंगली, मग माझ्याकडे पाहिलं.

"मले त येते वास. बायकोलेही येते," तो म्हणाला. "मंग आमचंच नाक गेलं असंन, माय."

"असंन," मी म्हटलं.

त्याने वाळा विकणं सोडलं. गल्ली अजून ताट्या मलाच दाखवते, आणि मी बघून देते.