दत्ताचा गुडघा

दत्ताच्या चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी टपरीवर चारचौघांना हसवत होतो. "मधूदादा, दत्ता गेला. वीज पडली." मी म्हणालो, "थट्टा करू नको रे." दोष माझाच. परभणीच्या वसतिगृहात सुट्टी मिळावी म्हणून मी दत्ताचे आजोबा चार वेळा मारले होते, पाचव्यांदा रेक्टरांनी विचारलं, "याला आजोबा आहेत तरी किती?" त्या घरातलं मरण माझ्याच तोंडून इतक्यांदा निघालेलं, की खरं आलं तेव्हा कानांनी ते आत घेतलंच नाही...

दत्ता सोनपेठकडचा, मेंढरांमागं वाढलेला. आमच्या कॉलेजच्या खो-खो संघाकडून तो पळायला उतरला की समोरचे नऊच्या नऊ जण म्हातारे होऊनच बाहेर पडायचे. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. पहाटे मैदान, मग मेसचं पाण्यासारखं वरण, मग शेवटच्या बाकावर झोप; हजेरीला त्याच्या नावानं मीच ओरडायचो. आम्ही शिकायला आलो होतो की पळायला, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. दत्ताला मात्र पक्कं ठाऊक होतं. पोलीस भरतीत पळून दाखवायचं आणि वर्दी घालून गावात जायचं. त्यानं आबांना, म्हणजे वडिलांना, तसा शब्द दिला होता.

फायनलच्या दोन दिवस आधी सरावात त्याचा गुडघा मुरगळला. कवठाएवढा सुजला. माझ्या नेहमीच्या सवयीनं मी कलिंगडाएवढा म्हणालो असतो, पण कवठाएवढाच. "मधू, सरांना सांगतो. लय दुखायलाय." "सांग, आन् बस भायेर. मग कप काय तुझी मेंढरं आणतील?" मी कप्तान होतो. तो नसला तर आम्ही हरणार हे मला दिसत होतं. फायनलच्या सकाळी सरांनी विचारलं, "दत्ता, लंगडतोस का रे?" त्यानं तोंड उघडलं, पण माझं आधीपासून उघडंच होतं. "सर, नवे बूट चावायलेत त्याला." सर हसले. दत्ताही हसला... माझ्यासाठी.

तिसऱ्या मिनिटाला, खांबाला वळसा घालताना, त्याच्या गुडघ्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला. कप आम्ही जिंकला. त्यानंतर दत्ता कधी पळाला नाही. भरतीचा अर्जही भरला नाही. मेंढरांकडे परत गेला.

आबांना तोंड दाखवायचं होतं, म्हणून मी गोष्ट रचली. समोरच्या संघानं मैदानात खड्डा करून वर माती पसरली होती, त्यात दत्ताचा पाय गेला. पहिल्या वर्षी तो खड्डा वीतभर होता. पण दर भेटीत आबा म्हणायचे, "मधू, खड्ड्याचं सांग," आणि मी वाढवत गेलो. पुढंपुढं त्यात वासरू बुडालं असतं. दत्ता शेजारी बसून ऐकायचा. एकदाही त्यानं मला खोटं पाडलं नाही.

दहाव्याला मी गेलो. चुलतभावानं जागा दाखवली. भर दुपारी अवकाळी आभाळ आलं, तसे तो आणि दत्ता शेतातल्या आखाड्यावरच्या शेडकडं निघाले. "मी पळत पोचलो, दादा. तो मागून लंगडत यायलता..." वीज कुणाला पळून चुकवता येत नाही, असं सगळे मला सांगतात. मीही स्वतःला सांगतो. पण त्या जागेपासून शेडपर्यंतचं अंतर मी पावलांनी मोजलं. एकशे वीस. आयुष्यात हा एकच आकडा मला फुगवता आला नाही, आणि कमीही करता आला नाही.

शेडमध्ये माणसं बसली होती. आबा म्हणाले, "मधू, ह्यांना खड्ड्याचं सांग."

मी म्हणालो, "आबा, खड्डा नव्हताच. गुडघा आधीच गेलता. मी सरांना खोटं सांगितलं." बाहेर एक मेंढरू खोकत होतं.

"ठाऊक हाय मला," आबा म्हणाले. "दत्तानं त्याच साली सांगितलं व्हतं."

"मग दरवेळी कशाला विचारायचात?"

"खड्डा येईपस्तोर तर तो पळायलाच असतो की. आन् तू लय लांबवून सांगतूस."

खांबाच्या खिळ्याला दत्ताची नी-कॅप अडकवलेली होती. गुडघ्याच्या आकारात फुगलेली, आत कुणी असल्यासारखी. मी तिच्याकडं पाठ करून बसलो, सांगायला लागलो, आणि खड्डा मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला सरकवला.