निजलेल्या माणसाचं माप

बाबा रेल्वेच्या ब्रेकडाउन क्रेनवर होते. रुळावरून घसरलेले डबे उचलायला जाते ती क्रेन. बाबा वर केबिनमध्ये असायचे आणि त्यांचा जोडीदार खाली रुळाशेजारी उभा राहून हाताने इशारे करायचा. हे जोडीदार म्हणजे वांगणीच्या पलीकडच्या डोंगरपाड्यावरचे काका. वीस-बावीस वर्षं हीच जोडी होती. दोघे निवृत्त झाल्यावर क्रेनही भंगारात निघाली आणि कापली गेली. तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही. फोटो साहेबांचे निघतात, क्रेन त्यांच्या मागे अर्धी दिसते.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत फळ्यांवर अंथरायलाही युनियनची जुनी पत्रकं असत. मी वाचलेला पहिला शब्द ‘बंधूंनो’. ‘भगिनींनो’ फार पुढे आला, काही पत्रकांत आलाच नाही. मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागले. हातांनी काम करणाऱ्यांची कुठे नोंद राहत नाही, हा माझा कायमचा राग. त्याच रागातून ठरवलं की ती क्रेन आपण घरीच बनवायची, एका फुटाला पाव इंच या मापाने. साखरेच्या आजाराने बाबांची बोटं बधिर झाली होती, म्हणून ते सांगणार आणि मी करणार.

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून सांगाडा केला. क्रेनचा लांब हात छत्रीच्या काड्यांचा. तारेचा दोर सायकलच्या ब्रेकची केबल उसवून काढला. दोर ज्यावरून फिरतो त्या कप्प्यांसाठी जीन्सची बटणं आणायला उल्हासनगरला गेले. दुकानदारकाकांनी मला बटणं एकेक पारखताना पाहून विचारलं, “बेटी, पँट शिवतेस की लग्नासाठी मुलगा बघतेस? इतकं काय बघायचं?”

“क्रेन बनवते, काका.”

“क्रेनला बटण? मग चेन पण घेऊन जा.”

अडलं ते मापांवर. मी वही घेऊन विचारायची, “चबुतरा जमिनीपासून किती उंच?” बाबा स्वतःच्या छातीवर आडवा हात धरायचे आणि लगेच काढून घ्यायचे. “माझ्या नाही. त्याच्या छातीएवढा.” हुक बांधून ठेवला की काकांच्या कपाळाला यायचा. ब्रेकचं चाक त्यांच्या कमरेला. मी चिडले. इतकी वर्षं जिच्यावर काढली, तिचं एक माप फुटात सांगता येत नाही?

“क्रेन बघायला वेळ कुठे होता?” बाबा म्हणाले. “वर बसलं की फक्त त्याचा हात बघायचा. दुसरा कोणीही ओरडला, साहेब ओरडला, तरी लिव्हर हलवायचा नाही. मी त्यालाच बघत होतो.”

त्याच सुमारास निरोप आला की काका सहा महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेत.  बाबा म्हणाले, “त्याला दाखवायची आहे. लवकर कर.” त्यानंतर ती क्रेन माझी राहिली नाही.

आम्ही टेप घेऊन वांगणीला गेलो. काका ओटीवर खाटेवर होते. भिंतीला टेकवून बसवलं तरी कंबर धरत नव्हती, पाठीला बाक आलेला. बाबांना पाहून ते म्हणाले, “आलास? डबा कुठं पडलाय?” दोघे हसले. येण्याचं कारण सांगितल्यावर काकांना गंमत वाटली. उभं राहणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, काही हरकत नाही, तुम्ही सरळ निजा. आणि टाचेपासून टेप धरली.

त्यांची सून आतून धावत आली. “ताई, असं नका करू. निजल्या माणसाचं माप घेतात का कधी?”

तिरडीला माप घेतात ते हिच्या मनात आहे, हे मला एका क्षणात कळलं, निदान कळलं असं वाटलं. अशा वेळी माझी जीभ थांबत नाही. टेप हातात धरूनच मी बोलू लागले. मापाने कोणी मरत नाही, ही भीती आपल्याला कोणी शिकवली, बायकांनीच ती का सांभाळायची. चांगलं बोलले असणार, ते सगळं मी आधी पत्रकांत लिहिलेलं होतं. ती मध्ये एकदा म्हणाली, “तसं नाही, ताई...” मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. बाबा खाली बघत होते.

काका म्हणाले, “मोज, पोरी, मोज. मेल्यावर कोन इचारनार हाय माझी छाती केवढी व्हती.”

सून आत गेली. मी कंबर, छाती, कपाळ अशी तिन्ही मापं वहीत लिहिली. सुनेने आम्हाला काळा चहा आणून दिला आणि पुन्हा आत गेली.

नवव्या दिवशी काका गेले.

बाबा मातीला गेले. मी ताप असल्याचं सांगितलं. ताप नव्हता. मापाने माणूस मरत नाही हे मी तेव्हाही जाणत होते, आजही कुणाशीही वाद घालून सांगेन. पण त्या दारात उभं राहून ते पुन्हा सांगण्याची माझी हिंमत नव्हती.

बाबांनी त्यानंतर क्रेनचं नाव काढलं नाही. मीच वहीतल्या आकड्यांवरून ती पुरी केली, एका फळीवर रूळ ठोकून त्यावर उभी केली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी डोळे फळीच्या पातळीला आणले. “हीच,” म्हणाले आणि भिंतीकडे वळून झोपले. भर दुपार होती.

महिन्याभराने मी ती मांडीवर घेऊन एकटीच वांगणीला गेले. सून अंगणात भांडी घासत होती. मी म्हटलं, “त्या दिवशी मी फार बोलले.”

तिने हात धुतले, पदराला पुसले. “मापानं मानूस मरतो असं मला वाटत नाही, ताई. मी दहावी झालेय. सहा महिने मी त्यांना सांगत होते, भाताच्या लावणीला तुम्ही बांधावर उभे राहणार. खोटं होतं, पन त्या आशेवर ते दोन घास खायचे. तुम्ही म्हणालात, निजूनच घेऊ माप. मला एवढंच म्हणायचं होतं की उभे राहतील तेव्हा घ्या.”

मी क्रेन तिच्यापुढे धरली. 

तिने क्रेन पाहिली. बोटाने हुक हलवला, चबुतऱ्याच्या काठावर बोट फिरवलं. “आमचे सासरे ह्यात कुठं उभे राहायचे?”

मी दाखवलं. डाव्या अंगाला, हुकापासून चार पावलांवर. तिथे नुसती फळी होती. माणूस करायचं मला सुचलं नव्हतं. ती त्या जागेकडे बघत राहिली आणि मग क्रेन माझ्याकडे परत देत म्हणाली, “घेऊन जा, ताई. पोरं मोडतील.”