भर दुपारचा फुगा

काल भाचीच्या प्रोजेक्टसाठी मैद्याची खळ शिजवली आणि त्या वासानं मला थेट केडगावच्या शाळेच्या मैदानावर नेलं.

आठवीत मी पतंगाचे कागद अशाच खळीनं चिकटवून गरम हवेचा फुगा केला होता. पहाटे गच्चीवरून तो सहज वर जायचा. विज्ञान प्रदर्शनाच्या सकाळी सरांनी तो माझ्या हातातून घेऊन वर्गातल्या सानिकाला दिला. "तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पाहुण्यांसमोर ही बोलेल. नावही हिचंच लावू."

पाहुणे उगवले भर दुपारी. बाहेरची हवाच इतकी तापलेली असताना फुगा वर जात नाही, हे मला ठाऊक होतं. 'संध्याकाळी उडवा', एवढंच सांगायचं होतं. मी रांगेत गप्प उभी राहिले.

सानिका इंग्रजीत छान बोलली. फुगा मात्र जमिनीवरच डुलत राहिला. सर वाकून फुग्याखालचा पेटता कापूर वाढवत होते. "अगं, काय चुकतंय?" त्यांनी मला विचारलं. मी मान खाली घातली. तेवढ्यात कागदानं पेट घेतला.

"सर, पानी वतू का?" शिपाईकाकांनी शांतपणे विचारलं.

सानिकाचं रडणं आठवलं की आजही वाईट वाटतं. सरांचा काजळी लागलेला चेहरा आठवला की अजिबात नाही.