निरंक कौशल्यांच्या मावशी

पदनाम : ग्रंथालय परिचर. शिक्षण : सातवी पास. सेवा : एकतीस वर्षे. हाताळत असलेली ज्ञानसंपदा : निरंक. हस्तांतरणयोग्य कौशल्ये : निरंक.

विद्यापीठाने ‘ज्ञान व्यवस्थापन’ मनावर घेतलं, तेव्हा मावशींचा हा तक्ता तयार झाला. निवृत्तीला आलेल्यांच्या डोक्यात जे काही असेल ते आधीच काढून घ्यावं, असा वरून हुकूम होता. नव्या ग्रंथपालबाईंनी रीतसर विचारलं, “मावशी, तुम्ही नेमकं काय करता?”

“पुस्तकं जागेवर ठेवते.”

बाईंनी निरंक लिहिलं. सही तेवढी राहिली.

तेवढ्यात एक संशोधक मुलगी रडकुंडीला येऊन काउंटरवर आदळली. तिची तोंडी परीक्षा मध्येच थांबली होती. परीक्षकांनी प्रबंधातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं होतं : दोनपर्यंत मूळ पुस्तक आणून दाखवा, नाहीतर प्रबंध परत. प्रत एकुलती एक. संगणक छातीठोकपणे सांगत होता, ‘कपाटात आहे’. कपाटात नव्हती. बाई तीनदा जाऊन आल्या. दीड वाजला.

मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं. “कुठल्या विषयाचं गं?”

“अर्थशास्त्राचं.”

“एमएच्या पोरांचा पेपर कधी?”

“सोमवारी.”

“मग चल पशुवैद्यकात.”

बाईंना वाटलं, यांना ऐकू कमी येतं. पण मावशींनी मेंढ्यांच्या खुरांच्या रोगांमागे कोपरापर्यंत हात घातला आणि पुस्तक बाहेर काढलं. मुलगी आभार मानायचंही विसरून धावत सुटली.

पेपर जवळ आला की पोरं एकुलती प्रत लपवतात. अर्थशास्त्रवाले गुरांत, कायदेवाले कवितेत. “तिथं कुणी फिरकत नाही ना,” मावशी म्हणाल्या आणि मोकळ्या जागेत त्यांनी चिठ्ठी सरकवली : ‘पुस्तक काउंटरवर माग. कुणी ओरडणार नाही.’

“अहो, हे मघाशी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं की. जागेवर ठेवते म्हटलं. कुठून काढून, ते तुम्ही कुठं विचारलंत?”

बाईंनी घाईघाईने पेन उघडलं. “सांगा, सगळ्या जागा लिहून घेते. नोटीसबोर्डावरच लावू.”

“लावा खुशाल. उद्यापासून पोरं जागा बदलतील.”

बाईंनी तक्ता पुन्हा पुढे ओढला. मग निरंकखाली सही केली.

सव्वातीनला मुलगी डॉक्टर झाली.