घोवाचा शर्ट आणि अण्णांची नऊवारी

पावसजवळच्या एका आंबाबागेत कामाला येणाऱ्या बायकांनी साडीवर शर्ट घालायचा नाही, हा नियम आज सकाळपर्यंत तरी उठलेला नाही. तिथे काम करणाऱ्या सुनंदाताईंनी हे फोनवर सांगितलं. मग मी बागेच्या मालकांना, म्हणजे अण्णांना फोन लावला, तर त्यांनीही तेच सांगितलं. "पाहुण्यांची गर्दी आहे तोवर राहू दे मॅडम, पुढच्या वर्षी बघू." मला परतून चार दिवस झाले. प्रवासाबद्दल शांतपणे लिहिण्याची माझी सवय जुनी आहे. या वेळी ती पाळता येईल असं वाटत नाही.

ठरलं तेव्हा साधीच सहल होती. मे महिना, झाडाखाली बसून हापूस खायचा, दोन दिवसांत परत. पुण्याहून पहाटे गाडी काढली, कराडला नाश्ता केला आणि मलकापूरवरून आंबा घाट उतरले. घाटात रस्ता चांगला आहे, पण धुकं असलं तर घाई करू नका. साखरपा सोडलं की हवा बदलते, पाठीला कपडा चिकटायला लागतो. हातखंब्याच्या आसपास महामार्गाचं काम चालू आहे, तासभर जास्तीचा धरून ठेवा. दुपारी रत्नागिरीत पोचले तेव्हा माझी जीन्स पायांना ओल्या पोत्यासारखी लागत होती.

तेव्हा पहिला सल्ला कपड्यांचाच. संध्याकाळी बाजारात एका जुन्या कापडाच्या दुकानात शिरले. दुकानदारांनी माझ्याकडे एकदा वरून खाली पाहिलं.

"जीन धुतलीत का इथे?"

"नाही अजून."

"धुवू नका. ओलीच न्याल घरी."

त्यांनी सुती कापडाचा लांब बाह्यांचा, सैल, फिकट कुर्ता काढून दिला. मी लहान बाह्यांचा मागितला होता. ते म्हणाले, "बागेत जाणार ना? मग बाही मनगटापर्यंत हवी. आंब्याचा चीक अंगावर घ्यायचा नसतो." आणि नवा पांढरा कपडा नको, चिकाचा डाग जात नाही. पायात जाड तळव्याची चप्पल, कारण इथला कातळ दुपारी तव्यासारखा तापतो. इथे कपडा दिसण्यासाठी नंतर आणि जगण्यासाठी आधी निवडतात, एवढं त्या दुकानात दहा मिनिटांत कळलं. ते अण्णांना माहीत नाही, असं मी म्हणणार नाही. त्यांचा जन्म इथलाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागले. डावीकडे बागा, उजवीकडे मधूनच समुद्र. अण्णांची बाग मला नवी नव्हती, तीन वर्षांपूर्वी एकदा राहून गेले होते. तेव्हा दोन खोल्या होत्या, आता सहा आहेत. सकाळी बागेत फेरफटका, घळीने आंबे उतरवताना बघायचं (लांब काठीला जाळीची पिशवी लावलेली असते, तिला घळ म्हणतात), दुपारी कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, भात आणि हवा तेवढा आमरस. जेवण उत्तम आहे. ते मी कबूल करते.

झाडाखाली सहा बायका आंब्यांचे देठ कापून पेंढ्यात रचत होत्या. सहाही जणी चकचकीत पोपटी साटिनच्या शिवलेल्या नऊवारीत. बाही जेमतेम दंडापर्यंत, नाकात दाबून बसवायची नथ, केसांत प्लास्टिकचा गजरा. शाळेच्या स्नेहसंमेलनातला नाच सुरू होण्याआधीचा विंगेतला देखावा वाटावा. शेजारच्या खोलीतले पाहुणे फोटो काढत होते.

सगळ्यात कडेला बसलेल्या बाईंच्या हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत काळे चट्टे होते. काही जुने, काही अजून ओले. त्या सुनंदाताई. चाळिशीच्या, आतल्या एका वाडीतून रोज सकाळच्या एसटीने येणाऱ्या.

"भाजलं का?" मी विचारलं.

"चीक वो. देठ मोडला की उडतो. पयला शर्ट असायचा अंगावर, तेव्हा काय होत नव्हतं."

"मग आता?"

"आता आमी नाटकात हाव." बाकीच्या पाच जणी खुदखुदल्या.

हा शर्ट काय ते इथल्या कुठल्याही गावात दिसेल. साडीवर पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट. घोवाचा, म्हणजे नवऱ्याचा. घोव मुंबईला नोकरीत, गणपतीत घरी येताना जुने शर्ट घेऊन येतो. तो शेतात, बागेत, काजूच्या कामात बायको घालते. सुनंदाताईंचे यजमान एका सोसायटीत वॉचमन आहेत, म्हणून त्यांचा शर्ट निळा, खांद्याला पट्टी. एकीचा टपाल पोचवणाऱ्याचा खाकी, एकीचा हॉटेलातल्या वेटरचा पांढरा. "आमी झाडाखाली बसलाव की कोणाचा घोव काय करतो ते सगळ्यांना कळतं," सुनंदाताई म्हणाल्या. बाहीने चीक अडतो, कॉलरने मानेवर लाल मुंग्या पडत नाहीत, खिशात कात्री आणि मोबाइल राहतो. यापेक्षा विचारपूर्वक निवडलेला कपडा मी कुठल्या दुकानात पाहिलेला नाही.

आणि ही पोपटी नऊवारी? शिवलेला काष्टा, पाठीला चेन. मोरीला जायचं तर दुसरीला हाक मारायची, तिने चेन ओढायची. उन्हात साटिन अंगाला चिकटतं. खिसा नाही, म्हणून कात्री मातीत आणि मोबाइल कमरेला.

"तुमच्या घरात नऊवारी कोण नेसतं?" मी विचारलं.

"सासूबाय नेसतात की. गुडघ्यापर्यंत, चिखलात चालायला. अण्णांना सांगितलं, ती नेसताव मंग. तर म्हणाले, नको नको, पाय दिसतात."

म्हणजे खरी परंपरा नको, तिचं पोपटी सोंग हवं. आदल्याच आठवड्यात सुनंदाताई चट्टे असह्य झाले म्हणून शर्ट घालून आल्या. अण्णांनी पाहुण्यांसमोर काही म्हटलं नाही, मागच्या दारी बोलावून परत पाठवलं. पुन्हा शर्ट दिसला तर पुढच्या वर्षी बोलावणार नाही, असं बजावलं. आजूबाजूच्या बागांना आपापली ठरलेली माणसं आहेत. आंब्याचे हे दोन महिने गेले की पेरणीपर्यंत हाताला काम नाही.

मी तडक अण्णांकडे गेले. ते ओटीवर पाहुण्यांच्या चहाकडे बघत होते. माणूस नम्र. त्याने राग जास्त येतो.

"अण्णा, त्या बाईंचे हात पाहिलेत?"

"पाहिले ना. खोबरेल लावायला सांगितलंय."

"शर्ट घालू द्या त्यांना."

"मॅडम, असं बघा, शहरातला माणूस इथे कोकण बघायला येतो. वॉचमनचा शर्ट त्याला गेटवर दिसतोच की."

"त्यांचे हात जळतायत आणि तुम्ही देखाव्याचं बोलताय?"

"मी कुठे ठरवलं हे? पाहुणेच सुचवतात." त्यांनी आतून अभिप्रायाची वही आणली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा, अशा सूचना येतात म्हणून केलं."

अक्षर ओळखीचं होतं. 'जेवण अप्रतिम. बागेतल्या बायका कुणाच्या तरी जुन्या शर्टांऐवजी आपल्या पारंपरिक वेशात असत्या, तर अजून बहार आली असती.' खाली माझी सही.

तीन वर्षांपूर्वी, आमरस खाऊन, निघता निघता मी हे लिहिलं होतं. शर्ट का घालतात हे विचारायला दोन मिनिटं लागली असती. ती मी दिली नव्हती. लिहिण्यात आयुष्य घालवलेल्या बाईने न विचारता लिहिलं आणि कुणाच्या तरी हातांवर चट्टे उठले. अण्णांवरचा राग कमी झाला नाही. त्याला फक्त दुसरा धनी मिळाला.

मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं: 'ही सूचना चुकीची होती. शर्ट घालू द्या.' पुन्हा सही केली. अण्णांनी वही मिटली. "तुमची एक ओळ खोडलीत मॅडम, पण तसल्या अजून चौदा आहेत," म्हणाले. मी मोजल्या नाहीत.

झाडाखाली परत जाऊन सुनंदाताईंना खरं ते सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"म्हंजे अण्णा सांगतात ती वहीत लिवणारी बाई तुमी?"

"हो."

"अगो, ऐकलंत का?" त्यांनी बाकीच्यांना हाक मारली. "आपली नथ ह्यांनी आणली." सगळ्या हसल्या. एकीने आपली नथ काढून माझ्यापुढे धरली. "घाला बघू. आनि बसा तासभर."

मी नथ घातली, बाह्या कोपराच्या वर गुंडाळल्या आणि बसले. तासभर नाही, वीस मिनिटं. चौथ्या देठाला मनगटावर थेंब उडाला. आधी काही वाटलं नाही, मग सुई तापवून टोचल्यासारखं झालं. "धुवा, धुवा, चोळू नका," म्हणून सुनंदाताईंनीच मला नळाकडे ढकललं. परतीच्या वाटेवर घाटात ते मनगट स्टीअरिंगला लागत होतं.

आता पुण्यात आहे. आणलेले आंबे अढीत पिकतायत. नव्या कुर्त्याची एक बाही काळी पडलीय, तीन धुण्यांत डाग गेला नाही. मनगटावर बोराएवढा चट्टा आहे. तो पंधरा दिवसांत जाईल, सुनंदाताईंचे जाणार नाहीत. त्या बागेत जाणार असाल तर जा, जेवण चांगलं आहे. फक्त लांब बाह्या घाला, आणि वही समोर आली की लिहिण्याआधी झाडाखाली जाऊन दोन मिनिटं विचारा.

गुरुवारी मुंबईहून तीस पाहुण्यांचा गट येणार आहे. सुनंदाताई आणि आणखी तिघी त्या दिवशी शर्ट घालून जाणार आहेत. उरलेल्या दोघी अजून ठरवतायत. तीस पाहुण्यांसमोर अण्णा परत पाठवतील का, हे सुनंदाताईंना विचारलं.

"पाठवतील तर पाठवतील," त्या म्हणाल्या. "शर्ट धुवून घातलाय वाळत. हवा दमट हाय, पण गुरुवारपर्यंत सुकेल."