ब्रह्मदेशच्या राजाचं गाऱ्हाणं

आमची पोस्ट मणिपूरच्या सीमेवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. समोरचा डोंगर म्यानमारचा. तो दाखवत माझ्याच गावचा नाईक बाबल म्हणायचा, "दादानू, ह्यो आमच्या राजाचो मुलूख."

त्याचा राजा म्हणजे ब्रह्मदेशचा. इंग्रजांनी त्याचं राज्य घेऊन त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं होतं. बाबलचा पणजोबा तिथं पहाऱ्यावर शिपाई. राजा दुर्बीण घेऊन गच्चीत बसायचा आणि बोटी बघायचा. त्याच्याशी बोलायची शिपायाला मनाई. मग पणजोबानं गावच्या जत्रेत देवाला गाऱ्हाणं घातलं, राजाक घराक पोचव. तेव्हापासून त्या घराण्यानं ते सोडलंच नाही.

बाबल पोस्टवरसुद्धा प्रत्येक पेट्रोलिंगच्या आधी ते घालायचा. नारळ मिळत नसे, सुपारी ठेवायचा. सेक्शनमधली साताऱ्याची पोरंही त्याच्या मागून "व्हय म्हाराजा" म्हणायला शिकली. माझं डोकं उठायचं.

"अरे, तो मरून शंभर वर्षं झाली. रत्नागिरीतच पुरलाय."

"मेलो. पण घराक पोचलो खंय?"



त्या दिवशी सहाला निघायचं होतं. पाऊस होता. सहा दहाला हा अजून सुपारी पुसतोय. रेडिओवर कंपनी विचारत होती, "पार्टी निघाली का? ओव्हर."

"बाबल, आज पुरे. फॉल इन."

त्यानं गाऱ्हाणं न घालताच सुपारी खिशात टाकली आणि रांगेत उभा राहिला.

सात चाळीसला आम्ही दोर धरून नाल्यात होतो. वरून लोंढा आला. बाबल शेवटचा. पुढच्या जवानाला त्यानं काठावर ढकललं आणि त्याच्या स्वतःच्या हातून दोर सुटला. मी रेडिओवर सांगितलं, "वन मॅन मिसिंग." नाला पुढे सीमा ओलांडतो. आम्हाला ओलांडता येत नव्हती. परवानगी, पलीकडच्या फौजेशी फ्लॅग मीटिंग, कागद. वैताग नुसता. नवव्या दिवशी पलीकडून उत्तर आलं, काही सापडलं नाही.

गाऱ्हाण्यानं लोंढा अडला असता, असं मी मानत नाही. पण दोन मिनिटं उशीर झाला असता. आम्ही काठावरच असतो.

बाबलच्या घरात आता कोणी नाही. गावच्या जत्रेत त्याचं गाऱ्हाणं मलाच घालावं लागतं. गळ्यात बांधून गेला मेला. यंदा मंडळाची पोरं घड्याळ दाखवत होती. "काकानू, जरा शॉर्टमधी घेवा."

"दोन मिनटां लागतत," मी म्हटलं. "लागांदेत."

मग हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ब्रह्मदेशच्या राजाक हयसून त्याच्या घराक पोचव. आणि आमच्या बाबलाक थंयसून घराक घेवन ये."

"व्हय म्हाराजा."