आखाजीची खरी शिवी

सुंदर वारली, आणि परवापासून सगळं गाव तिला गरीब गाय म्हणायला लागलंय. कसली गरीब गाय? मी मंजुळा, तिची नणंद. बावीस वर्षं तिच्याशी बोलले नाही, पण तिला ओळखायची ती मीच. वर्षभर ती मान खाली घालून वावरायची, एवढं खरं. राहिलेल्या एका दिवशी तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

तो दिवस आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा. धुळ्यापासून तीन कोसांवर पांझरेच्या या काठाला आमचं गाव, त्या काठाला तिचं. माझ्या भावाशी, झुलालशी लग्न झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. नदी ओलांडली की तिचं माहेर. चूल पेटलेली इथून दिसायची. पण माझी आई शेवंताबाई तिला वर्षातून एकदाच जाऊ द्यायची, आखाजीला. मी त्याच दिवसांत पारोळ्याकडच्या सासरहून इकडे यायचे.

आखाजीला मला काय काय आवडायचं ते सांगत बसले तर दिवस जाईल. चावडीमागच्या निंबाचा झोका, अभिमन नानांच्या मळ्यातली आंब्याची अढी. पण आम्हा लेकींचा खरा जीव नदीकाठात. गौराई बोळवली की दोन्ही गावच्या लेकी आपापल्या काठावर उभ्या राहायच्या, मध्ये गुडघाभर पाणी, आणि शिव्या सुरू. कधी दगडही यायचे. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. नदीवर बोललेलं नदीवरच सोडायचं, घरी न्यायचं नाही.

याला एक नियम होता. खोटीच शिवी द्यायची. जिचा बाप साधा, तिच्या बापाला दरोडेखोर म्हणायचं. जिचा बाप खरंच तुरुंगात जाऊन आला, तिच्या बापाबद्दल चकार शब्द नाही. वरच्या गावातली एक लेक चुकून खरं बोलून बसली होती. तिला सासरच्यांनी न्यायला कुणी पाठवलंच नाही, जन्म माहेरी गेला तिचा.

सुंदर या खेळात तरबेज. एका आखाजीला ती पलीकडून ओरडली, "मंजुळाना नवरा बोकड, दाढी शे पन अक्कल नही!" माझ्या नवऱ्याला तेव्हा मिसरूडसुद्धा फुटलेलं नव्हतं. दोन्ही काठ हसून लोळले, आमच्या बाजूच्या सटव्यासुद्धा. मला त्याचा अजून राग आहे. घरात जिचा आवाज चुलीपलीकडे जात नाही, तिने तिथे उभं राहून माझं हसं करावं?

मग तिची रुपली गेली. दोन वर्षांची पोर, आखाजीच्या तोंडावर तापाने गेली. मी दुसऱ्या दिवशी माहेरी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. आई म्हणाली, एका दिवसात खेळ आटोपला, कुणाला काही सुचलं नाही. मी थोडं रडले. त्या वर्षीही मी झोके घेतले, तेही सांगून टाकते. सुंदरला आईने माहेरी पाठवलं नाही.

पुढची आखाजी आली. मानमोडीच्या साथीनंतरचं तिसरं वर्ष ते. या खेपेला ती पलीकडच्या काठावर होती, पण तोंड उघडेना. नुसती आमच्याकडे बघत उभी. मी दोन वर्षांच्या शिव्या साठवून आणलेल्या, माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "ए पोरखाई!"

नियमाने ते खोटंच होतं. तिने काही पोर खाल्ली नव्हती. असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला समजावलं.

सुंदर पाण्यात उतरली. तिची चुलत बहीण मागून तिचा हात ओढत होती, "चूप बठ, सुंदर, तुनं सासर जाई." तिने हात सोडवून घेतला. ओरडली नाही.

"मंजुळा, आते मी खरं सांगस," ती म्हणाली. "मनी रुपली तीन दिन तापनी. गाडी दारमा व्हती, बैल गोठामा व्हतात. धुयाले दवाखानामा लई चाला म्हनीसन मी तुनी मायना पाय धरात. तुनी माय काय बोलनी? सकाय मंजुळीले आनाले जानं शे, बैल थकी जातीन."

एवढं बोलून ती वळली आणि काठ चढून गेली. कुणी दगड उचलला नाही. आमच्या बाजूच्या बाया माझ्याकडे बघेनात.

मी तशीच घरी आले. आई ओसरीवर आंबे चोळत होती. मी विचारलं, सुंदर बोलली ते खरं का? वाटलं, आई तिला शिव्या घालील, खोटारडी म्हणेल. मला तेच ऐकायचं होतं. आईने हातातली कोय टाकली, दुसरा आंबा घेतला.

"मंग?" ती म्हणाली. "तुले आखाजीले येवानं नव्हतं का?"

झुलाल खाटेवर बसून ऐकत होता. सुंदरला आणायला आमच्या घरून कुणी गेलं नाही, आणि दिवाळीनंतर त्याने दुसरी केली. सुंदर भावाकडे राहिली, धुळ्याला कापसाच्या जिनात मजुरीला जायची. काठावर पुन्हा कधी आली नाही. आता म्हणा तिला गरीब गाय.

आणि मी? आखाजीच्या तिसऱ्या दिवशी झुलालने मला सासरी पोचवायला तेच बैल गाडीला जुंपले. पायी जाईन म्हणायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण ऊन फार होतं, आणि मी गाडीत बसले.